मोठ्या क्रीडास्पर्धा आणि यजमान वस्त्या : सही करण्याआधी सरकारने काय पदरात पाडून घ्यावं?

मैदानी (धागाकर्ता)

ऑलिंपिक, राष्ट्रकुल स्पर्धा किंवा फुटबॉल विश्वचषकाचं यजमानपद मिळालं की पहिली चर्चा होते उद्घाटन सोहळ्याची आणि पदकांची. ज्या वस्त्यांच्या शेजारी हे सगळं उभं राहतं त्यांना काय मिळणार, हा प्रश्न बहुतेक वेळा स्टेडियमला कुलूप लागल्यावर विचारला जातो. वरातीमागून घोडं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारच्या हातात खरी ताकद असते ती यजमानपदाच्या करारावर सही होईपर्यंतच. सही झाली की तारीख ठरते आणि ती तारीख हलत नाही, हे महासंघाला, प्रायोजकाला, ठेकेदाराला, सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं. मग प्रत्येक जण हवी ती किंमत मागतो आणि सरकार ती देतं. लोकांसाठी जे काही हवं असेल ते सहीच्या आधी, लेखी, पैशांच्या तरतुदीसह ठरलं पाहिजे.

लॉस एंजेलिस १९८४ हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. तेहरानने माघार घेतल्यावर रिंगणात हे एकच शहर उरलं होतं. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी शहराच्या सनदेतच दुरुस्ती करून घेतली की परत मिळण्याची हमी नसलेला पैसा शहर ऑलिंपिकवर खर्च करणार नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला नमतं घ्यावं लागलं. मुख्य स्टेडियम १९२३ पासूनचं, तेच वापरलं. शेवटी २३ कोटी डॉलरहून अधिक शिल्लक राहिली आणि तिच्यातला ४० टक्के वाटा, म्हणजे सुमारे ९.३ कोटी डॉलर, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या खेळासाठी एका प्रतिष्ठानाकडे गेला. ते प्रतिष्ठान आजही अनुदानं देतं, प्रशिक्षक घडवतं.

उलट टोकाला माँट्रियल १९७६. तिथले महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य तितकंच ऑलिंपिकला तूट येणं अशक्य. त्या स्टेडियमचं कर्ज फिटलं २००६ मध्ये, तेही तंबाखूवरच्या कराच्या पैशातून. तीस वर्षं. स्पर्धेच्या वेळी ज्यांचा जन्मही झाला नव्हता अशा लोकांनीही ते फेडलं.

हा अपवाद नाही. मोठ्या प्रकल्पांच्या खर्चाचा अभ्यास करणारे बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६० ते २०१६ मधल्या ऑलिंपिकांचे हिशोब तपासले तेव्हा महागाई वगळूनही सरासरी १७२ टक्के जादा खर्च निघाला. मूळ अंदाजात बसलेलं एकही ऑलिंपिक त्यात नव्हतं. आणि जादा खर्चाची हमी यजमानाला द्यावी लागते. बॉस्टनचे महापौर मार्टी वॉल्श यांनी जुलै २०१५ मध्ये अशी हमी देण्याची तयारी दाखवली नाही आणि त्या शहराची २०२४ ची दावेदारी तिथेच संपली. मला तो निर्णय फार जबाबदारीचा वाटतो.

तर सहीपूर्वी सरकारने काय काय मागावं आणि ते नुसतं कागदावर राहू नये म्हणून काय करावं, यावर लिहा. ज्यांनी अशा कामांत प्रत्यक्ष भाग घेतलाय त्यांनी तर नक्कीच.

---

निविदाघर

चांगला विषय. माझं आयुष्य निविदा काढण्यात आणि बिलं तपासण्यात चाललंय, म्हणून त्या बाजूने लिहितो.

‘स्थानिकांना प्राधान्य द्यावे’ हे वाक्य प्रत्येक निविदेत असतं आणि त्याचा उपयोग शून्य. ‘प्राधान्य’ मोजता येत नाही. मोजता येतात ते कामाचे तास. पॅरिस २०२४ ची बांधकामं करणाऱ्या सरकारी संस्थेने हेच केलं. एकूण कामाच्या तासांपैकी किमान १० टक्के तास दीर्घकाळ बेरोजगार असलेल्या किंवा रोजगारापासून दूर राहिलेल्या लोकांना मिळाले पाहिजेत, आणि कामांच्या रकमेतला २५ टक्के वाटा लहान उद्योगांकडे गेला पाहिजे, अशी उद्दिष्टं ठेवली. ग्लासगोने २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या ठेक्यांत किती नवे लोक घ्यायचे, किती शिकाऊ उमेदवार ठेवायचे, हे कलमात घातलं होतं.

कलम चालायचं असेल तर ते बिलाला बांधावं लागतं. दर महिन्याला चालू देयकाबरोबर हजेरीपट जोडायचा, त्यात कामगाराचा पत्ता आणि तास, शिकाऊ असेल तर प्रशिक्षणाचा दाखला. टक्केवारी कमी भरली तर त्या प्रमाणात रक्कम रोखायची. आणि हे सगळं उपठेकेदाराला लागू करायचं, कारण खरे मजूर त्याच्याकडे असतात. मुख्य ठेकेदाराच्या मस्टरवर बहुतेक इंजिनियर आणि पर्यवेक्षकच दिसतात. मी पाहिलेल्या एका कामात मुख्य कंपनीने सगळी कलमं पाळली होती आणि वस्तीतला एकही माणूस कामावर नव्हता. कागद निर्दोष होते.

लहान उद्योगांचं म्हणाल तर पाचशे कोटींची एकच निविदा काढली की लहान माणूस दारातच अडतो. त्याच कामाचे तुकडे करा, बयाणा रक्कम कमी ठेवा, बिल तीस दिवसांत द्या. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. लहान ठेकेदार तोट्याने नाही, उशिरा आलेल्या पैशाने मरतो.

---

उंबरठा

रोजगाराआधी घरांचं बोला. सोल १९८८ च्या तयारीत लाखो लोकांची घरं गेली. रिओमध्ये ऑलिंपिक पार्कला खेटून असलेली व्हिला ऑटोड्रोमो ही काही शे कुटुंबांची वस्ती २०१६ पर्यंत जवळपास पुसली गेली. शेवटपर्यंत लढणाऱ्या वीसेक कुटुंबांना तिथेच नवी घरं मिळाली, म्हणजे जागेवर पुनर्वसन शक्य होतं. मग ते सगळ्यांसाठी का नाही केलं?

लंडन २०१२ चं कौतुक सगळे करतात. मीही करते, पण क्लेज लेन विसरून नाही. स्ट्रॅटफर्डमध्ये चारशेहून जास्त लोकांची ती गृहनिर्माण सहकारी संस्था होती. माणसं एकमेकांना ओळखत होती, भाडं कमी होतं. ती पाडली. लोकांना पर्यायी घरं मिळाली, पण विखुरलेली. संस्था संपली ती संपलीच.

म्हणून माझी मागणी अशी : पाडकामाची पहिली नोटीस निघण्याआधी नवं घर तयार, त्याच परिसरात, आणि शेजार शक्य तितका एकत्र. आणि क्रीडाग्रामातली घरं कोणाला जाणार हे दावेदारीच्या कागदपत्रातच ठरलेलं. ग्लासगोमध्ये डालमार्नॉकला सातशे घरं बांधली, त्यातली चारशे सामाजिक (म्हणजे गरजूंसाठी कमी) भाड्याची, शिवाय वृद्धांसाठी १२० खाटांचं निवासी केंद्र. हा आकडा आधीपासून ठरलेला होता. लंडनच्या क्रीडाग्रामात २,८१८ घरं झाली आणि जवळपास निम्मी परवडणाऱ्या गटात ठेवली, हेही चांगलंच. पण पुढे इंग्लंडमध्ये बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचं भाडंसुद्धा या गटात बसू लागलं. शेजारी स्टेडियम आणि मॉल आले की बाजारभाव कुठे जातो ते सांगायला नको. भाडं बाजाराशी नाही, तिथल्या रहिवाशांच्या उत्पन्नाशी जोडा. उत्पन्नाचा किती हिस्सा, ते लिहा.

---

कोरडवाहू

वरचं सगळं वाचलं. मूळ प्रश्न राहतोच : घरं, तलाव, रोजगार हवे असतील तर सरकारने ते थेट द्यावेत. त्यासाठी दोन आठवड्यांच्या स्पर्धेचा खटाटोप कशाला?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद घेतलं होतं. खर्चाचा अंदाज २६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ६०० कोटींच्या पुढे गेला, तेव्हा जुलै २०२३ मध्ये त्यांनी अंग काढून घेतलं. ३८ कोटी डॉलर भरपाई मोजली. पण त्याच दिवशी ग्रामीण भागासाठी २०० कोटींची योजना जाहीर केली, त्यात घरं होती, कायमची क्रीडांगणं होती. म्हणजे स्पर्धेशिवाय ते करता येत होतं!

पर्यटनाचा फुगाही तसाच. ऑगस्ट २०१२ मध्ये ब्रिटनला आलेल्या परदेशी पाहुण्यांची संख्या आधीच्या ऑगस्टपेक्षा कमी भरली. गर्दी आणि महागाईच्या भीतीने नेहमीचे पर्यटक फिरकले नाहीत. जे आले त्यांनी खर्च जास्त केला हे खरं, पण तो सगळा कुठल्या गल्लीत झाला ते बघा.

---

मैदानी

कोरडवाहू, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या सरकारला एरवी शाळेचं मैदान नीट ठेवता येत नाही त्याने स्पर्धा मागूच नये, यावर आपलं एकमत आहे.

पण ठरलेल्या तारखेचा एक उपयोग आहे. वर्षानुवर्षं रखडलेलं, सगळ्यांना पटलेलं, तरी कोणी हात न लावलेलं काम त्या तारखेमुळे पुरं होतं. पॅरिसच्या सेन नदीत १९२३ पासून पोहायला बंदी होती. जाक शिराक महापौर असताना नदीत पोहून दाखवण्याचं आश्वासन देऊन गेले, ते तसंच राहिलं. २०२४ ची तारीख आली, सांडपाणी आणि पावसाचं पाणी अडवण्याच्या कामांवर सुमारे १४० कोटी युरो खर्च झाले आणि जुलै २०२५ मध्ये सामान्य लोकांसाठी तीन ठिकाणी नदी खुली झाली. बार्सिलोनाने १९९२ च्या निमित्ताने किनाऱ्यालगतचा रेल्वेमार्ग हलवला, जुन्या कारखान्यांचा पट्टा मोकळा केला, शहर समुद्रापर्यंत नेलं. सिडनीने २००० च्या ऑलिंपिकसाठी होमबुश बे भागातली विषारी कचऱ्याने भरलेली जमीन साफ केली.

यातली गोम अशी की बार्सिलोनाचा महानगर आराखडा १९७६ चा आहे. ऑलिंपिक मिळालं १९८६ मध्ये. शहराला काय हवंय ते दहा वर्षं आधी कागदावर होतं, स्पर्धेने फक्त पैसा आणि घाई पुरवली. आराखडा नसलेलं शहर स्पर्धा घेतं तेव्हा स्पर्धाच आराखडा होऊन बसते. माझ्या मते सरकारने दावेदारीआधी एकच परीक्षा घ्यावी : यादीतलं प्रत्येक काम स्पर्धा नसती तरी पुढच्या पंधरा वर्षांत केलं असतं का? नसतं, तर ते तात्पुरतं बांधा नाहीतर बांधूच नका.

---

तरणतलाव

मी मुलांना पोहायला शिकवते, म्हणून थोडं लांबण लावते.

स्पर्धेसाठी बांधलेल्या एका तलावावर मी काम केलंय. स्पर्धा झाली आणि तो ‘सर्वांसाठी खुला’ झाला. वेळ दुपारी एक ते तीन. शाळेतल्या मुलांना ती वेळ नाही, कामावर जाणाऱ्या बायांना नाही. सकाळ-संध्याकाळ संघांसाठी राखीव. त्यात तलाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटरहून खोल, सात वर्षांच्या मुलाला पाय टेकायला जागा नाही. शिकवणार कसं? कडेला धरून. उद्घाटनाचा दगड भिंतीत होता, उथळ पाणी कुठेच नव्हतं.

लंडनच्या जलतरण केंद्रात याचा आधी विचार झाला. त्या तलावांना वरखाली होणारा तळ आणि सरकते आडवे बांध आहेत, म्हणजे सकाळी शर्यतीची खोली आणि अकरा वाजता लहान मुलांची. स्पर्धेत साडेसतरा हजार प्रेक्षक बसत होते. दोन्ही बाजूंची तात्पुरती बांधलेली आसनं नंतर काढली, अडीच हजार उरली. भिंतीच्या जागी काच आली. २०१४ मध्ये केंद्र उघडलं तेव्हा शुल्क शेजारच्या साध्या तलावांइतकंच ठेवलं. वास्तुकार झहा हदीद यांच्या नावाची वास्तू, पण आत शिरायला ऐपत लागत नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

व्हँकुव्हर २०१० चं रिचमंड ओव्हलही तसंच. वेगवान स्केटिंगचा लांबलचक बर्फाचा मार्ग स्पर्धेनंतर कोणाला रोज लागणार? पण तिथल्या पालिकेने इमारत आखतानाच नंतरचा वापर ठरवला होता. बर्फाची दोन मैदानं, खेळांची कोर्ट, धावायचा मार्ग, व्यायामशाळा, सगळं एका छपराखाली. छप्पर पाइनच्या लाकडाचं आणि ते लाकूड भुंगेऱ्यांनी मारलेल्या झाडांचं, जे एरवी वाया जातं.

आता कटू भाग. ‘मोठी स्पर्धा बघून लोक खेळायला लागतात’ यावर सरकारांनी विसंबू नये. लंडनने लाखो लोकांना खेळाकडे वळवण्याची उद्दिष्टं ठेवली होती, ती स्पर्धेआधीच सोडून दिली गेली. टीव्हीवर शर्यत बघून मूल आठवडाभर उत्साहात असतं, मग त्याला जवळचा तलाव, परवडणारं शुल्क आणि शिकवणारा माणूस लागतो. पॅरिसशेजारच्या सेन-सॅं-दनी भागात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या निम्म्या मुलांना पोहता येत नव्हतं. स्पर्धेसाठी तिथे नवं जलतरण केंद्र झालंच, शिवाय स्टेडियममध्ये बसवलेले तात्पुरते तलाव सुटे करून सेव्रानसारख्या गावांना दिले. हे मला पटलं, कारण आधी कमतरता मोजली आणि मग तलाव कुठे ठेवायचा ते ठरवलं.

सरकारला एकच सांगणं : करारात वेळापत्रक लिहा. आठवड्याचे किती तास, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती शुल्कात. ‘लोकांसाठी खुला’ एवढंच लिहिलं तर दुपारी एक ते तीन मिळतं.

---

हातगाडी

तरणतलाव ताई, छान लिहिलंत.

रस्त्यावर विकणाऱ्यांचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितोय. स्टेडियमभोवती प्रायोजकांसाठी राखीव पट्टा असतो. २०१४ च्या विश्वचषकासाठी ब्राझीलने केलेल्या कायद्यात तो दोन किलोमीटरपर्यंत ठेवण्याची मुभा होती. म्हणजे ज्याने त्या फाटकासमोर वीस वर्षं धंदा केला त्याला सगळ्यात मोठ्या कमाईच्या दिवशी हाकलायचं.

साल्वादोर शहरात मात्र बायका उभ्या राहिल्या. चवळीच्या पिठाचे, पामतेलात तळलेले आकाराजे वडे विकणाऱ्या, ‘बायाना’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. पांढरे घेरदार कपडे घालून बसतात, त्यांची कला ब्राझीलच्या सांस्कृतिक वारशाच्या नोंदीत आहे. त्यांनी सह्यांची मोहीम काढली, थेट राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेल्या आणि स्टेडियमच्या आवारात बसायची परवानगी मिळवली. मोजक्याच जणींना मिळाली, पण मिळाली.

ही लढाई विक्रेत्यांना एकट्याने लढायला का लागावी? सरकारने वाटाघाटीतच सांगावं की नोंदणीकृत विक्रेते हलणार नाहीत, हवं तर त्यांना पाणी, छत, कचऱ्याची सोय देऊ.

---

निविदाघर

+१. आणि हेही सहीआधीच. राखीव पट्ट्याचा नकाशा करारपत्राला जोडलेला असतो. एकदा जोडला की बदलायला महासंघाची परवानगी लागते.

---

पायवाट

स्वयंसेवकांबद्दल थोडंसं. मँचेस्टर २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजारांच्या वर स्वयंसेवक होते. त्यांनी स्पर्धेआधी एक प्रशिक्षणक्रम चालवला, खास मागास भागातल्या आणि काम नसलेल्या लोकांसाठी, ज्यात शिकलेल्याचं प्रमाणपत्र मिळायचं. स्पर्धा संपल्यावर ती यादी फेकून न देता शहराच्या पुढच्या कार्यक्रमांसाठी चालू ठेवली. खर्च मामुली. बहुतेक ठिकाणी मात्र टी-शर्ट आणि टोपी देऊन निरोप देतात.

---

सरकती खुर्ची

अपंगांसाठीचा एक मुद्दा. पॅरालिंपिकमुळे शहर बदलतं असं म्हणतात, ते आपोआप होत नाही. टोकियोने कायदा बदलला, स्थानकांवर उद्वाहनं वाढवली, बुलेट ट्रेनमध्ये व्हीलचेअरच्या जागा वाढवल्या. पॅरिसच्या हातात सात वर्षं होती, तरी २०२४ मध्ये मेट्रोची फक्त १४ क्रमांकाची मार्गिका पूर्णपणे व्हीलचेअरने वापरता येत होती. स्टेडियममध्ये रॅम्प उत्तम असतात. मी तिथे पोहोचू कसा, हे कोण बघणार? यजमान शहराने घरापासून आसनापर्यंतचा पूर्ण प्रवास व्हीलचेअरवरच्या माणसाकडून तपासून घ्यावा आणि वाहतूक खात्याचं अंदाजपत्रक त्यावर ठरवावं.

बरं उदाहरणही देतो. लंडनच्या क्रीडाग्रामात खेळाडूंसाठीचा दवाखाना नंतर सरकारी आरोग्यसेवेचं केंद्र झाला आणि त्याला लुडविग गुटमन यांचं नाव दिलं. १९४८ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात जखमी सैनिकांच्या स्पर्धा ज्यांनी सुरू केल्या, ज्यातून पॅरालिंपिक उभं राहिलं, ते हे डॉक्टर. तिथे आता आसपासचे लोक तपासणीला जातात.

---

उंबरठा

हे माहीत नव्हतं. त्या क्रीडाग्रामातली शाळाही तशीच ना?

---

सरकती खुर्ची

हो, चोबहम अकॅडमी. स्पर्धेच्या काळात तिथे व्यवस्थापनाचं कार्यालय होतं, २०१३ मध्ये शाळा सुरू झाली.

---

कोरडवाहू

इतकी उदाहरणं वाचून माझा विरोध थोडा निवळलाय, पण एक शंका कायम आहे. स्पर्धा संपली, आयोजन समिती बरखास्त झाली, मंत्री बदलले. त्यानंतर वचन मोडलं तर दाद कोणाकडे मागायची? लंडनचं मुख्य स्टेडियमच घ्या. नंतरचा वापर आधी पक्का केला नाही, मग फुटबॉलसाठी रूपांतर करताना खर्च ३२ कोटी ३० लाख पौंडांवर गेला, आणि तिथे खेळणाऱ्या क्लबचं भाडं ठरलं वर्षाला पंचवीसेक लाख पौंड. उरलेला बोजा जनतेवर. याउलट मँचेस्टरने स्टेडियम उभारण्याआधीच क्लब ठरवला होता. स्पर्धा झाल्यावर धावपट्टी खणून खाली आसनांचा एक टप्पा घातला आणि मैदान वापरात आलं. एकाच देशातलं नंतरचं शहर आधीच्या शहराकडून का शिकलं नाही?

---

मैदानी

कारण मँचेस्टरला काय जमलं आणि का, हे पुढच्या यजमानाला बंधनकारक करणारं कोणी नसतं. म्हणून दोन गोष्टी कायद्याने व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं.

एक, नंतर सांभाळणारी संस्था स्पर्धेच्या आधी जन्माला यावी, तिच्यावर रहिवाशांचे निवडलेले प्रतिनिधी असावेत आणि वास्तूंचे नकाशे तिच्या सहीशिवाय मंजूर होऊ नयेत. जी संस्था पुढे वीजबिल भरणार आहे ती छप्पर किती मोठं हवं हे नीट सांगते. सिडनीत ऑलिंपिक पार्कचा पुढचा आराखडा स्पर्धा होऊन गेल्यावर आला आणि मधली वर्षं तो परिसर ओस पडला होता.

दोन, मोजणी. स्पर्धेआधी त्या वस्त्यांची परिस्थिती नोंदवा : किती जण खेळतात, भाडं किती, बेरोजगार किती, कितव्या वर्षी किती मुलांना पोहता येतं. मग दर दोन वर्षांनी, निदान दहा वर्षं, तेच आकडे पुन्हा घ्या आणि आयोजकांशी संबंध नसलेल्या लेखापरीक्षकाकडून जाहीर करा. उद्दिष्ट गाठलं नाही तर निदान ते गुपचूप मागे घेता येणार नाही.

---

निविदाघर

कोरडवाहूंच्या दाद मागण्याच्या प्रश्नावर. न्यायालयात जाता येतं, पण वस्तीला ते झेपत नाही. त्यापेक्षा पैसा आधी बाजूला काढून ठेवावा. व्हँकुव्हरने २०१० च्या वास्तू चालवण्यासाठी ११ कोटी कॅनेडियन डॉलरचा न्यास केला होता आणि त्याच्या उत्पन्नातून देखभाल. हेच थोडं पुढे न्यायचं : प्रसारण हक्कांतला यजमानाचा वाटा आणि तिकिटांचा ठरावीक हिस्सा थेट वेगळ्या खात्यात, अर्थखात्याला हात लावता येणार नाही असा. स्टेडियम चालवणाऱ्याला दरवर्षीची रक्कम तेव्हाच सुटणार जेव्हा तरणतलाव ताईंनी सांगितलेलं वेळापत्रक पाळल्याचं रहिवाशांची समिती लिहून देईल. समितीने सही केली नाही तर ते पैसे त्याच भागातल्या शाळांच्या मैदानांवर खर्च करायचे.

अशा खात्याच्या कलमाचा कच्चा मसुदा माझ्याकडे आहे. सार्वजनिक कामांच्या अनामत रकमेचं कलम असतं, त्याच धर्तीवर केलाय. उद्या इथेच टाकतो. उंबरठा, घरांच्या भाड्याचं कलम तुम्ही लिहाल का?

---

उंबरठा

लिहिते. उत्पन्नाच्या तीस टक्क्यांहून जास्त भाडं नाही, इथून सुरुवात करते. आणि घर पाडण्याआधी चावी हातात, हे पहिल्या ओळीत.